बंद रानातला शनिवार

सरांच्या देखत कुणी ‘उद्या’ म्हटलं की ते हातातलं काम थांबवायचे. चष्मा कपाळावर चढवायचे आणि अगदी शांतपणे विचारायचे, “कुठला उद्या? इथला की तिथला?” नवीन माणूस गांगरून जायचा. जुना माणूस जीभ चावून म्हणायचा, “सॉरी सर. शुक्रवार. तिथला शुक्रवार.” मग चष्मा परत नाकावर यायचा आणि काम पुढे सुरू व्हायचं. आमच्या डेस्कवर ‘काल’, ‘आज’ आणि ‘उद्या’ हे तिन्ही शब्द बंद होते. मी पुण्याची. शब्दांवरून माणसांना अडवणारे लोक मी लहानपणापासून पाहिलेत, पण ते शुद्धलेखनापायी. इथे प्रश्न अस्वलांचा होता.

हे जरा नीट सांगायला हवं. चांगी बिझनेस पार्कात आमचं ऑफिस. कंपनी अमेरिकन, आणि तिकडच्या शिकाऱ्यांसाठी ती फोनवरचा नकाशा बनवते. जंगलात उभं राहून फोन उघडला की पायाखालची जमीन सरकारी की खाजगी, आत शिरायला वाट कुठून आहे, तिथे कुठल्या जनावराची शिकार खुली आहे आणि कुठल्या जनावराची बंद, हे सगळं रंगांत दिसतं. हिरवं म्हणजे खुलं, लाल म्हणजे बंद. हिरव्याचं लाल करायचं काम आमचं. तिकडे संध्याकाळ होते तेव्हा इकडे दुसऱ्या दिवसाची सकाळ असते. तिकडच्या वनखात्याची माणसं दिवसाचं काम आटोपून घरी जातात तेव्हा आम्ही कॉफी घेऊन बसतो, आणि तिकडचा शिकारी पहाटे उठेपर्यंत नकाशा ताजा करून ठेवतो. म्हणून तर हे डेस्क सिंगापुरात. काळ्या अस्वलांचं काम सरांकडे होतं आणि मी त्यांच्या हाताखाली.

कंपनीत सगळ्यांनी एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारायची असा नियम आहे. तो एवढ्या एका माणसापाशी मोडला. आमच्या डेस्कवरच्या चिनी मुलीसुद्धा त्यांना ‘सर’च म्हणायच्या. चण लहान, चालणं हळू, आणि डोक्याला तपकिरी माकडटोपी. बाहेर घामाच्या धारा लागलेल्या असताना हा माणूस लिफ्टमधून माकडटोपी घालून बाहेर यायचा, कारण ऑफिसातल्या एसीने त्यांचे कान दुखायचे. डाव्या मनगटावर सिंगापूरचं घड्याळ, उजव्यावर अमेरिकेतल्या रॉकी पर्वतातलं. मीटिंगमध्ये हात वर केला की आधी उजवा वर जायचा.

वारांचा हा जाच घरीही होता. त्यांच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, मला एकदा हसत हसत सांगितलं, “लग्नाचा वाढदिवस कधी म्हणून विचारलं, तर म्हणाले गुरुवारी. म्हटलं, अहो, गुरुवार आजच आहे ना. तर म्हणतात, मग बरोबर आहे माझं.”

मुख्य ऑफिसने एकदा आमच्या भिंतीसाठी भलामोठा फोटो पाठवला होता. बर्फात गुडघ्यावर बसलेला हसरा शिकारी आणि त्याच्यापुढे आडवं पडलेलं अस्वल. सरांनी तो तोंड भिंतीकडे करून कोपऱ्यात उभा केला आणि त्या जागी स्वतः छापून घेतलेला नकाशा लावला. त्यावर नुसते लाल ठिपके. गेल्या काही हंगामांत जिथे जिथे अस्वल मारलं गेलं तिथे एक ठिपका. नवीन माणूस डेस्कवर आला की त्याला ते या नकाशासमोर उभं करायचे आणि विचारायचे, “काय दिसतं?”

मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, “ठिपके.”

“कुठे आहेत?”

मी नीट पाहिलं. ठिपके रानभर पसरलेले नव्हते. रस्त्यांच्या दोन्ही बाजूंनी त्यांच्या रांगा लागल्या होत्या, वळणाला वळण घेत. आणि मध्येच एक मोठा हिरवा तुकडा, त्यात एकही ठिपका नाही.

“इथे अस्वलं नाहीत?” मी विचारलं.

“इथेच जास्त आहेत,” ते म्हणाले. “हे सरकारी रान. कायद्याने सगळ्यांचं. पण चारी बाजूंनी खाजगी कुरणं. आत जायला पायवाटसुद्धा नाही. मालक फाटक उघडत नाही, म्हणून शिकारी आत जात नाही, म्हणून अस्वल म्हातारं होऊन मरतं. याला मी कुलपातलं रान म्हणतो.” मग त्यांनी बोट नदीवर आणलं. “या काठाला आमिष ठेवायची परवानगी आहे, त्या काठाला नाही. अस्वलं तीच, बंदुका त्याच. ठिपके पाहा.” एका काठाला गर्दी होती, दुसऱ्या काठाला चार-दोन. “शिकाऱ्याला वाटतं, अस्वल माझ्या नेमानं पडलं. नेमाचा भाग थोडा असतो जी. अस्वल पडतं रस्त्यानं आणि तारखेनं.”

ते ‘जी’ ऐकून मी चमकले होते. सर चंद्रपूरकडचे, जंगलाला लागून असलेल्या एका गावचे. एरवी अगदी छापील मराठी बोलायचे, पण मध्येच गाव डोकावायचं. ‘का’ऐवजी “काहून” म्हणायचे, आणि आम्ही पुण्या-मुंबईची मंडळी गालातल्या गालात हसतोय हे कळलं की मुद्दाम आणखी एकदा म्हणायचे.

माझा स्वभाव खोचक आहे, घरचे सांगतील. एकदा जेवताना मी त्यांना विचारलंच. ते भाकरी-झुणक्याचा डबा उघडून बसले होते. म्हटलं, “सर, तुम्ही रविवारी बुद्धवंदनेला जाता. पंचशीलातलं पहिलंच शील जीव न घेण्याचं. आणि सोमवारी येऊन शिकाऱ्यांना वाट दाखवता. हे जमतं कसं तुम्हाला?”

ते रागावले नाहीत. भाकरीचा तुकडा मोडून हातात तसाच धरून बसले. मग म्हणाले, “ताई, शिकार माझ्या सांगण्यानं सुरू होत नाही आणि मी नोकरी सोडल्यानं थांबत नाही. पण ती बंद कधी झाली हे शिकाऱ्याला मी सांगतो. नकाशा लाल झाला की त्या घटकेपासून रान अस्वलाचं. तेवढं तरी त्याला वेळेवर मिळालं पाहिजे.”

मी विषय सोडून माझा डबा उघडला. पटलं म्हणून नाही. हा माणूस या गोष्टीचा विचार माझ्या किती तरी आधीपासून करत होता, हे मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं.

त्यांचं घर यिशुनला. भाड्याचा एचडीबी, म्हणजे सरकारी वसाहतीतला, फ्लॅट, आणि ऑफिस बेटाच्या दुसऱ्या टोकाला. अंधार असतानाच एमआरटीची मेट्रो पकडायचे. आम्ही सगळे त्यांच्या मागे लागायचो, सर, जवळ कुठे तरी बघा. ते म्हणायचे, “तिथे रान नाही.” यिशुनला तरी रान म्हणावं असं काय होतं? ब्लॉकच्या मागे, रस्त्यापलीकडे झाडीचा एक पट्टा, त्याला कुंपण, आणि ‘सरकारी जमीन, प्रवेश बंद’ अशी पाटी. एका रविवारी जेवायला बोलावलं होतं तेव्हा आम्हाला सगळ्यांना ते तिथे फिरायला घेऊन गेले. कुंपणाबाहेरच्या गवतात एक रानडुकरीण पिल्लांना घेऊन उकरत होती. माणसं फोन काढून उभी. एक म्हातारा चिनी गृहस्थ पावाचा तुकडा पुढे करत होता. सर हळूच त्याच्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि आपल्या इंग्रजीत म्हणाले, “अंकल, प्लीज, नो फीडिंग. यू गो होम, देन शी ऑल्सो गो होम.” तो हसला, पण पाव पिशवीत टाकून खरंच निघाला. लोकही पांगले. थोड्या वेळाने डुकरीण कुंपणाखालच्या खळगीतून पिल्लांसकट आत गेली.

“पापा इज लाइक दॅट वन,” त्यांची मुलगी मला सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. “एव्हरी वीक मस्ट कम अँड चेक.” मुलगी सेकंडरीत होती. लहान असल्यापासून सिंगापुरात वाढलेली, मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. वर्गात हुशार. मोठी परीक्षा पुढच्या वर्षावर आली होती. तिच्या बोलण्यात चेष्टा होती आणि बापाचा अभिमानही होता.

आता ज्या शुक्रवारी सगळं बिघडलं त्याबद्दल.

काळ्या अस्वलांच्या शिकारीसाठी रानाचे विभाग पाडलेले असतात, आणि काही विभागांत असा नियम असतो की हंगामात ठरावीक माद्या मारल्या गेल्या की तो विभाग तिथल्या तिथे बंद करायचा, मग हंगाम संपायला कितीही अवकाश असो. माद्या कमी झाल्या की पुढे पिल्लं कुठून येणार, हा त्यातला विचार. विभाग बंद होतोय हे तिकडचं खातं एका फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवतं. शिकारी तो फोन लावून ऐकतात, आम्हीही ऐकायचो. सरांची शिस्त अशी की एकाने ऐकून मोठ्याने सांगायचं, दुसऱ्याने वार आणि वेळ परत म्हणून दाखवायची, मगच नकाशात घालायचं. शाळेत पाढे म्हणतात तसं चालायचं आमचं. शेजारच्या डेस्कवरचे लोक आम्हाला हसायचे.

त्या वर्षी गणपती सप्टेंबरात उशिरा आले. सेरंगूनला माझ्याकडे आरती आणि जेवण होतं. डेस्कवरच्या सगळ्यांना बोलावलं होतं, म्हणून सगळ्यांनीच त्या शुक्रवारी सकाळी सुटी टाकली. सर म्हणाले, “तुम्ही जा. मी बसतो. मोदक मात्र ठेवा.” ते एकटे बसले. तिकडे गुरुवारची संध्याकाळ होती. फोनवरचा आवाज म्हणाला, अमुक विभाग उद्या सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने बंद. तिथला उद्या म्हणजे शुक्रवार. सरांच्या समोर मात्र शुक्रवार सुरू झालेला होता. त्यांनी शनिवार घातला.

ज्या माणसाने आम्हाला तो शब्द उच्चारू दिला नाही, तोच त्या शब्दाने फसला. पुढे मी त्यांना विचारलं होतं, असं झालं कसं. ते म्हणाले, “समोर म्हणून दाखवायला कुणी नव्हतं. मीच वाचलं आणि मीच हो म्हटलं.”

तो विभाग तिकडे शुक्रवारी संध्याकाळी बंद झाला, आणि आमच्या नकाशावर शनिवारी दिवसभर हिरवा राहिला. शनिवारी सूर्य मावळल्यावर आपोआप लाल झाला. सोमवारी आम्ही आलो तेव्हा सगळं ठाकठीक दिसत होतं. कुणाला काही कळलं नाही.

कळलं ते दोनेक आठवड्यांनी, एका म्हाताऱ्याच्या ईमेलवरून. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला माणूस. जन्मभर ज्या वाटेने शिकारीला जायचा, तिथल्या जमिनीच्या नव्या मालकाने फाटक लावून टाकलं होतं. मग आमच्या नकाशावर त्याला दिसलं की मागच्या बाजूने, ओढ्याच्या काठाकाठाने, सरकारी रानात शिरायला जमिनीची एक अरुंद पट्टी आहे. ती पट्टी सरांनीच जुने सर्व्हे चाळून शोधलेली, आणि त्याचं आम्हाला कोण कौतुक होतं. म्हातारा दुखऱ्या गुडघ्यांनी त्या पट्टीतून शनिवारी आत गेला आणि त्याला अस्वल मिळालं. नियमाप्रमाणे कातडं आणि कवटी घेऊन तो स्वतःच्या पायाने खात्याच्या ऑफिसात गेला. तिथल्या अधिकाऱ्याने वार विचारला. बंद रानात मारलेलं अस्वल, त्यातही मादी. बंदूक गेली, कातडं गेलं, आणि शिकारीचा हक्क कित्येक वर्षांसाठी जाणार होता. त्या वयात कित्येक वर्षं म्हणजे कायमच.

ईमेलात धमकी नव्हती, भरपाईचा शब्द नव्हता. शेवटी इतकंच लिहिलं होतं की मी सकाळी बघितलं तेव्हा हिरवं होतं, हे तुमच्यापैकी कुणी तरी इथे सांगाल का?

सरांनी ते वाचलं, उठले, आणि त्या ठिपक्यांच्या नकाशासमोर जाऊन उभे राहिले. पाठमोरेच म्हणाले, “माझं आहे हे.”

कंपनीचं उत्तर तयारच असतं. नियमांची खात्री सरकारी खात्याकडून करून घेणं ही वापरणाऱ्याची जबाबदारी आहे, असं नकाशा उघडतानाच लिहिलेलं असतं, आणि त्यावर ‘मान्य’ केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मुख्य ऑफिसातून निरोप आला: तेवढंच वाक्य पाठवा, बाकी काही लिहू नका, कुणाशी बोलू नका. आमचा मॅनेजर सिंगापूरचाच, माणूस वाईट नव्हता. सरांना काचेच्या खोलीत घेऊन बसला आणि समजावत राहिला. “नोबडी इज ब्लेमिंग यू, सर. यू जस्ट सेंड दॅट वन लाइन. देन फिनिश, ओके?” सर मान हलवत होते. मला वाटलं, ऐकतील.

त्यांनी ते वाक्य पाठवलं नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी मला म्हणाले, “चला ताई, खाली बसू.” बिझनेस पार्कातल्या फूड कोर्टात गेलो. त्यांनी साखर न घातलेली काळी कॉफी घेतली, माझ्यासाठी दुधाचा चहा आणला. म्हणाले, “मी तिथल्या अधिकाऱ्याला लिहितोय. माझ्या नावानं. नकाशात शनिवार कुणी घातला, केव्हा घातला, काहून घातला, सगळं.”

मी म्हटलं, “सर, कंपनीच्या आतली माहिती बाहेर दिली म्हणून काढून टाकतील तुम्हाला. नोकरी गेली की इथे राहायचा पास गेला. महिनाभरात देश सोडावा लागेल. मुलीचं दहावीसारखं वर्ष आलंय तोंडावर. इथली शाळा सोडून चंद्रपुरात कुठे घालाल तिला? आणि कुणासाठी, तर अस्वल मारणाऱ्या माणसासाठी? तो ‘मान्य’वर टिचकी मारून मोकळा झाला. त्याने एक फोन करून विचारायला काय हरकत होती?”

खरं सांगते, मला रागच आला होता, आणि तो त्या म्हाताऱ्याचा आला होता. कुठल्या कुठे बसलेला एक माणूस आमच्या सरांचं बसलेलं घर उठवत होता.

सरांनी कप खाली ठेवला. “हेच बोलले होते सगळे,” ते म्हणाले. “विचारून जायला पाहिजे होतं.”

“कोण बोललं?”

मग त्यांनी सांगितलं, आणि सांगता सांगता त्यांची छापील मराठी सुटत गेली.

“माह्या मायचं सांगतो. उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे बाया पहाटे मोहफुलं वेचाले जातात. त्या साली नाल्याकडच्या रानात अस्वल व्याली होती. पिल्लं घेऊन बसली होती. वनखात्यानं तेवढं रान बंद केलं, आणि गावात सांगाचं काम एका माणसावर दिलं. त्यानं पाटलाच्या आळीत सांगितलं, बाजारात सांगितलं. आमच्या मोहल्ल्यात आलाच नाही. आमचा मोहल्ला नाल्याच्या अंगाले, बौद्धांचा. माय टोपली घेऊन गेली. अस्वलीनं अर्धं तोंड ओरबाडून नेलं तिचं. जगली ती. पण पुढं जन्मभर त्या अंगाले पदर ओढूनच राहिली. मी तिच्या दुसऱ्या बाजूनं बसाचो जेवाले.”

मी चहाचा कप बाजूला सारला.

“सगळे म्हणाले, बाई, विचारून जायला पाहिजे होतं. वनवाले म्हणाले, पंचायतीत म्हणाले. आणि तो माणूस रोज आमच्या घरासमोरून सायकलवर जायचा. चांगला माणूस होता. मायले विचाराचा, बरं आहे का? फक्त एवढंच त्यानं कधीच म्हटलं नाही, की मी सांगाले आलो नव्हतो. त्यानं ते एकदा चार माणसांत म्हटलं असतं ना ताई, तर लोकांनी मायले वेंधळी म्हणणं सोडलं असतं. तेवढंच पाहिजे होतं तिले. म्हातारी झाली, मेली, तोवर वाट पाहिली.”

कॉफी निवून गेली होती. ते सावरले आणि परत आपल्या नेहमीच्या बोलण्यावर आले. म्हणाले, “त्या शनिवारी मी दोघांचं नुकसान केलं. एक तो म्हातारा, एक ती मादी. तिला काही लिहून कळवता येत नाही. त्याला येतं.”

त्यांनी दुसऱ्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, ते लिहून पाठवलं. कंपनीला प्रत पाठवली, लपवाछपवी नाही. शुक्रवारी दुपारी त्यांना काचेच्या खोलीत बोलावलं. बाहेर आले तेव्हा गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतलेलं होतं. एक रखवालदार बरोबर होता, तो बिचारा खाली बघत होता. सरांनी डबा उचलला, टोपी घातली. डेस्कवरच्या एका चिनी मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा तिला इंग्रजीत म्हणाले, “वाचताना दोघं पाहिजेत. विसरू नका.” आणि लिफ्टमध्ये शिरले.

मी रविवारी यिशुनला गेले. बैठकीत खोकी रचलेली. सर मुलीच्या शाळेतून दाखला आणण्याच्या खटपटीत बाहेर गेले होते असं वहिनी म्हणाल्या, मग त्यांच्याच लक्षात आलं की रविवारी शाळा कुठली उघडी असायला. “कुंपणाकडे गेले असतील,” त्या म्हणाल्या. चहा करायला म्हणून उठल्या आणि ओट्याशी नुसत्याच उभ्या राहिल्या.

“लोकांना वाटतं, मी अडवलं नाही यांना,” त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. “अडवलं ना! भांडले, रडले, बोलणं टाकलं. म्हटलं, तुमच्या मायचं दुःख मोठं आहे, मान्य. पण पोरगीही तुमचीच आहे. तर म्हणाले, हो. एवढंच. हो. त्या ‘हो’वर मी काय बोलू सांगा तुम्ही?”

मुलगी आतल्या खोलीत होती. दार लोटलेलं. मी हाक मारली तर आतून “हाय आंटी” एवढंच आलं. तिच्या दारावर तिने स्वतः लिहिलेलं अभ्यासाचं वेळापत्रक अजून चिकटवलेलं होतं. मी तिथे फार वेळ थांबले नाही.

तिकडचं उत्तर सर देश सोडायच्या आधी आलं. अधिकाऱ्याने लिहिलं होतं की चूक कशी झाली हे स्पष्ट झाल्यामुळे आणि शिकाऱ्याने अस्वल स्वतः होऊन दाखवायला आणल्यामुळे प्रकरण समज देऊन मिटवलं आहे. कातडं परत मिळणार नाही, पण बंदूक मिळेल आणि शिकारीचा हक्क राहील. म्हाताऱ्यानेही लिहिलं होतं. लांबलचक, चुकांनी भरलेलं. गावातल्या लोकांनी त्याला चोर ठरवलं होतं, ते आता थांबलं. नातीला त्याने सगळं वाचून दाखवलं. कधी तिकडे आलात तर माझ्या घरी उतरा, असं त्याने लिहिलं होतं. सरांनी मला फोनवर ते सगळं वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर म्हणाले, “झालं, ताई.” त्यांचा आवाज इतका हलका मी कधी ऐकला नव्हता. मलाही बरं वाटलं. रागबिग उतरला. वाटलं, या माणसाने जे करायला हवं होतं तेच केलं, आणि आपण त्याला अडवायला बसलो होतो.

चांगी विमानतळावर निरोप द्यायला मी एकटीच गेले होते. शनिवार, सुटी होती, तरी बाकीच्यांनी फोनवरच निरोप घेतला. कंपनीने त्यांच्याशी बोलू नका असं सांगितलेलं, त्यामुळे कुणाला दोष देत नाही. वहिनी सामानाच्या रांगेतून परत आल्या तेव्हा चेहरा कोरा होता. मुलगी शाळेचं जॅकेट घालून आलेली. मैत्रिणींचा घोळका तिला भेटून रडून गेला होता. तिने स्वतः रडून घेतलेलं दिसत होतं, पण माझ्यासमोर नाही.

सर मला त्या पत्राबद्दलच सांगत होते. म्हाताऱ्याची नात आता त्याच्याबरोबर जाणार म्हणते, पुढच्या हंगामात. त्या पट्टीतूनच जाणार.

मुलीने मान वर केली. “आंटी,” तिने मला विचारलं, बापाला नाही. “दॅट अंकल, ही कॅन गो अगेन नेक्स्ट इयर, राइट?”

“हो,” मी म्हटलं.

“सो हिज वन दे गिव्ह बॅक.” ती रागाने बोलत नव्हती. गणित सोडवताना विचारावं तसं विचारत होती. मग तिने मराठीत विचारलं. इतक्या वर्षांत तिने माझ्याशी मराठीत बोललेलं ते पहिलं वाक्य. “आणि मी परत कधी येऊ शकते?”

मी सरांकडे पाहिलं. साऱ्या विभागांचे हंगाम कुठल्या वारी उघडतात आणि कुठल्या वारी मिटतात, हे या माणसाला तोंडपाठ होतं. त्यांनी हातातली बॅग खाली ठेवली.

“मला माहीत नाही, बाळा,” ते म्हणाले. “माझ्यामुळे झालं हे.”

ती “ओके” म्हणाली, खाली वाकून त्यांची बॅग तिने उचलली आणि आत जायच्या फाटकाकडे निघाली. ते लगेच तिच्या मागे गेले नाहीत. तिला थोडं पुढे जाऊ दिलं.